सर आयझॅक नवगावकर

शीर्षक वाचून हसला असाल तर खुशाल हसा, पण त्यात चूक काही नाही. ‘न्यूटन’ हे मुळात माणसाचं नावच नाही, ते गावाचं नाव आहे. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे कुंपण. मग कुंपणाच्या आतलं घर आणि शेत, आणि मग त्याभोवती वाढलेली वस्ती. आजचा ‘टाऊन’ हा शब्द त्यातूनच आला. आपल्या ‘वाडी’चंही तेच. संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्यावरून वाडा आणि वाडी. तेव्हा न्यू-टन म्हणजे नवी वाडी, नवं गाव. आपल्याकडे अलिबागजवळ नवगाव आहे, आणि नवगावकर हे आडनावही आहे. इंग्लंडात न्यूटन नावाची गावं डझनांनी सापडतात. फर्स्ट इयरला ज्याच्या तीन नियमांनी आपल्याला झोपू दिलं नाही, तो अशाच कुठल्यातरी नवगावचा नवगावकर!

एकदा हा नाद लागला की आपला सगळा सिलॅबस म्हणजे इंग्लंडच्या एसटी स्टँडवरचा बोर्ड वाटायला लागतो. इलेक्ट्रिकलवाल्यांचं नॉर्टनचं थिअरम घ्या. नॉर्टन म्हणजे उत्तरेकडची वाडी. सटन म्हणजे दक्षिणेकडची, वेस्टन पश्चिमेकडची आणि मिडलटन म्हणजे मधली वाडी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या डार्लिंग्टन पेअरमध्ये ‘डार्लिंग’ कुणीही नाही. डिओरनोथ नावाच्या कुणा माणसाशी जोडलेली वाडी ती डार्लिंग्टन. हार्टली ऑसिलेटरमधली हार्टली म्हणजे हरणांच्या रानातली मोकळी जागा, कारण ‘ली’ म्हणजे रान किंवा रान तोडून केलेली जागा. वर्कशॉपमधल्या टेपवर ‘स्टॅन्ली’ लिहिलेलं असतं ना? दगडांची ‘ली’ ती स्टॅन्ली. आणि मेकॅनिकलची मुलं ज्या बेंटली गाडीचं पोस्टर भिंतीवर लावतात, ती बेंटली म्हणजे एका जातीच्या राठ गवताची ‘ली’. थोडक्यात, गवताळ!

व्हिटवर्थ तर मेकॅनिकलवाल्यांच्या पाचवीलाच पुजलेला. १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवणारा जोसेफ व्हिटवर्थ तोच आणि क्विक रिटर्न मेकॅनिझमवालाही तोच. ‘वर्थ’ म्हणजे पुन्हा कुंपणच. व्हिटा नावाच्या माणसाचं कुंपण ते व्हिटवर्थ. केमिकलवाल्यांनी एलपीजी साठवायचे गोल टँक पाहिले असतील, ते हॉर्टन स्फिअर. हॉर्टनमधला पहिला भाग म्हणजे चिखल, घाण. म्हणजे हॉर्टन झाला आपला चिखलीकर. आणि कॅम्पबेल-स्विंटन या इंजिनिअरने १९०८ सालीच इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या टीव्हीची कल्पना मांडली होती. त्यातलं स्विंटन म्हणजे डुकरांची वाडी. आता बोला!

हे मी मुद्दाम सांगते आहे. मी कॉन्व्हेंटमधली. शाळेत इंग्रजी आडनावांचा एक दरारा असायचा. मिडलटन, वॉशिंग्टन, कॅव्हेंडिश म्हटलं की डोळ्यांसमोर झुंबरं आणि पांढरे हातमोजे. आणि हजेरीत एखादं ‘वाडीकर’ आलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. पण नावाचं यंत्र दोन्हीकडे एकच. गाव घ्यायचं, माणसाला चिकटवायचं. एकाला आपण भारदस्त म्हणतो आणि दुसऱ्याला गावठी, एवढाच फरक, आणि तो नावात नाही.

कॅव्हेंडिशचंच बघा. सफोकमधलं ते एक गाव. काफना नावाच्या माणसाचं कुंपण घातलेलं कुरण, असा त्याचा अर्थ. गावाचं नाव घराण्याला लागलं आणि घराणं पुढे ड्यूक झालं. १८३० च्या दशकात त्या ड्यूकच्या चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्सटन नावाच्या माळ्याने एक बुटकी केळ वाढवली आणि मालकाचं नाव तिला दिलं. (हाच पॅक्सटन पुढे १८५१ चा क्रिस्टल पॅलेस उभारणारा. सिव्हिलवाल्यांना ठाऊक असेल. पॅक्सटन हेही गावच!) आज जळगावहून येणारी बसराई काय किंवा ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच केळी. म्हणजे मेसमध्ये सकाळी जे केळं आपण नाक मुरडत उचलतो, त्याच्यावर इंग्लंडमधल्या एका कुरणाचं नाव आहे.

गंमत पुरे. आता मुद्द्याचं.

माणसांना गावांची नावं लागली कशी? इंग्लंडात १०६६ साली नॉर्मन लोक आले, त्यांनी राज्य घेतलं, जमिनी घेतल्या. त्यांच्या सरदारांनी आपापल्या जहागिरीचं नाव ‘अमुक गावचा’ असं आपल्या नावापुढे लावायला सुरुवात केली. सामान्य माणसाला तोवर आडनावाची गरज नव्हती. पण नॉर्मनांबरोबर जॉन, विल्यम, रॉबर्ट अशा थोड्याच नावांची फॅशन आली आणि जो तो तीच नावं ठेवायला लागला. एका गल्लीत पाच जॉन झाले. मग ओळखायचं कसं? कुणी बापाच्या नावावरून ओळखला गेला, तो जॉन्सन. कुणी धंद्यावरून, तो स्मिथ. कुणी दंडातल्या ताकदीवरून, तो आर्मस्ट्राँग. कुणी घराजवळच्या खुणेवरून. गेम थिअरीतल्या नॅश इक्विलिब्रियमचं ‘नॅश’ असंच, ‘ॲश झाडापाशी राहणारा’, त्यात आधीच्या शब्दातला ‘न’ येऊन चिकटला. आणि कुणी गावावरून. साधारण १४०० सालापर्यंत ही नावं बहुतेक घरांत पक्की झाली आणि बापाकडून मुलाकडे जायला लागली.

यात हॉस्टेलवाल्यांना काही नवीन वाटायला नको. एका बॅचमध्ये चार राहुल असतात. त्यांतला एक लंबू होतो, एक चष्मिस होतो, एक गिटारवाला आणि एक लातूर. बास. चार वर्षं त्याला सगळे ‘ए लातूर’ म्हणूनच हाक मारतात. पण जरा विचार करा, लातूरमध्ये त्याला कुणी ‘लातूर’ म्हणेल का? तिथे तर सगळेच लातूरचे! ते नाव त्याला इथे मिळालं. तो घर सोडून आला म्हणून मिळालं.

माझा सगळा मुद्दा एवढ्यातच आहे. न्यूटन गावात राहणाऱ्याला कुणी न्यूटन म्हणत नव्हतं. जहागीरदारांचं सोडा. साध्या माणसाला गावाचं नाव तेव्हाच लागलं, जेव्हा तो गाव सोडून दुसरीकडे गेला. तेराव्या-चौदाव्या शतकात खेड्यातली माणसं लंडनला, यॉर्कला, नॉर्विचला जात होती. १३४८-४९ च्या प्लेगने प्रचंड माणसं मेली, मजुरांचा तुटवडा पडला आणि जास्त मजुरीसाठी माणसं आणखी हलायला लागली. इतकी, की १३५१ साली मजुरी आणि मजुरांची ये-जा यांवर बंधन घालणारा कायदा करावा लागला. अनेक शहरांत असा रिवाज होता, की मालकाच्या जमिनीला बांधलेला कुळवाडी पळून येऊन एक वर्ष आणि एक दिवस शहरात राहिला, की तो मोकळा. आता त्या पळून आलेल्याला शहरात काय म्हणणार? ज्या गावातून पळाला त्याच गावचा! म्हणजे गावच्या मालकाला जे नाव, तेच त्याच्या तावडीतून सुटलेल्यालाही.

तेव्हा गावाचं आडनाव म्हणजे ‘आम्ही इथलेच’ असा दाखला नव्हे. तो ‘आम्ही कुठूनतरी आलो’ असा दाखला आहे.

बरं, मूळचे मूळचे म्हणजे तरी कोण? लिंकन हे नाव घ्या. त्यातला ‘लिन्’ म्हणजे रोमन येण्याआधीच्या ब्रिटनच्या भाषेतला ‘तळं’ आणि पुढचा भाग म्हणजे रोमनांची ‘कोलोनिया’, म्हणजे वसाहत. पाचव्या शतकापासून समुद्रापलीकडून अँगल्स आणि सॅक्सन आले, त्यांनी टन, हॅम, ली आणले. (डेव्हिड बेकहॅमचं ‘हॅम’ तेच. नॉरफोकमधलं बेकहॅम म्हणजे बेक्का नावाच्या माणसाचं घर.) नवव्या शतकात डेन्मार्ककडचे लोक आले, त्यांनी ‘बी’ आणि ‘थॉर्प’ आणले. नॉर्थवर्दी नावाचं एक चांगलं इंग्रजी गाव होतं, डेन लोकांनी त्याचं डर्बी केलं. त्या डर्बीवरून डार्बी हे आडनाव आलं आणि १७०९ साली अब्राहम डार्बीने कोक वापरून लोखंड गाळलं. मेटलर्जीच्या पुस्तकात ज्याला अस्सल इंग्रज म्हणून आपण ओळखतो, त्याच्या आडनावातलं गाव डेन लोकांनी बारसं केलेलं! खुद्द न्यूटनचंही तसंच. आडनाव अँग्लो-सॅक्सन, आणि जन्म १६४२ साली लिंकनशरमधल्या वूल्सथॉर्पचा. थॉर्प म्हणजे डेन लोकांची छोटी वस्ती. नवगावकर जन्मला डेन लोकांच्या वाडीत, आणि शिकायला गेला केंब्रिजला. तिथे तोही बाहेरचाच.

आता वॉशिंग्टनची गोष्ट, कारण ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इंग्लंडच्या उत्तरेला वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. वासा नावाच्या कुणा माणसाच्या लोकांची वाडी, असा त्याचा अर्थ. बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्न नावाच्या सरदाराने आपली जहागीर बदलून ती वॉशिंग्टनची घेतली. गाव बदललं तसं नावही बदललं. कालचा हर्टबर्नकर आज वॉशिंग्टनकर. पुढे त्याच्या वंशातले लोक ते गाव सोडून गेले, सतराव्या शतकात एकजण अमेरिकेत व्हर्जिनियाला पोचला आणि १७३२ साली तिथे जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म झाला. त्याच्या नावाने राजधानी झाली, एक राज्य झालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००० सालच्या अमेरिकन जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे जवळजवळ ९० टक्के लोक कृष्णवर्णीय होते. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून आणलं, त्यांच्या लेकरांकडे आज हे नाव आहे. त्यांच्यातला एक बुकर टी. वॉशिंग्टन. १८५६ साली गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा. गुलामगिरी संपल्यावर शाळेत गेला. हजेरी सुरू झाली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बाकीच्या मुलांना दोन-दोन, तीन-तीन नावं आहेत आणि आपल्याला एकच, बुकर. त्याची पाळी येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं, आणि मास्तरांनी विचारल्यावर शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. जणू जन्मापासून तेच नाव होतं! पुढे १८८१ पासून टस्कीगीची संस्था त्यानेच उभी केली.

वासा नावाच्या माणसाची वाडी, ती विकत-बदलत घेणारा सरदार, देशाचा पहिला अध्यक्ष आणि गुलामीतून सुटलेलं पोर. चौघांत रक्ताचं नातं असायची काही गरज नाही. नाव एकच. त्या नावावरून तुम्ही माणसाचं कुळ सांगू शकता का? नाही. रंग? नाही. लायकी? मुळीच नाही.

आता आपल्याकडे वळते. गावाला ‘कर’ लावून आडनाव करणं हे आपल्याला इंग्रजांकडून शिकायला लागलं नाही. आणि इथेही तोच नियम दिसतो. मंगेशकर हे नाव गोव्यातल्या मंगेशीचं, पण लताबाईंचा जन्म १९२९ साली इंदूरचा. डॉ. आंबेडकरांच्या नावातलं आंबडवे हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं, पण बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूचा आणि शाळा साताऱ्याला. नावात एक गाव, आयुष्य सगळं दुसऱ्या गावांत.

माझंही आडनाव ‘कर’वालं आहे. आणि म्हणूनच एक अनुभव मला नेहमी येतो, तुमच्यातल्या पुष्कळांना येत असेल. नवीन ओळख झाली, पूर्ण नाव सांगितलं, की समोरचा क्षणभर थांबतो. त्याचं समाधान झालेलं नसतं. मग अगदी गोड आवाजात पुढचा प्रश्न येतो, “हो गं, पण मूळ आडनाव काय तुमचं?” हा प्रश्न हॉस्टेलच्या इंट्रोमध्ये विचारला जातो, रूम पार्टनर ठरवताना विचारला जातो, गॅदरिंगची कमिटी निवडताना कुजबुजत विचारला जातो. कशासाठी, ते आपण सगळेच जाणतो. ‘कर’वरून फक्त गाव कळतं. एका गावातून निघालेले सगळे, वाड्यातले असोत की वेशीबाहेरचे, त्या गावचे ‘कर’ होऊ शकतात. विचारणाऱ्याला गाव नको असतं. त्याला जात हवी असते.

कुणी म्हणेल, साधी उत्सुकता असते, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मला हे पटत नाही. उत्सुकता असती तर ‘कर’ ऐकल्यावर पुढचा प्रश्न गावाचा आला असता. कुठे आहे, नदी कुठली, अजून कुणी राहतं का तिथे? आजवर हे मला फार थोड्यांनी विचारलं. दुसरं कुणी म्हणेल, इंग्रजांकडे काय कमी उच्चनीच होती? होतीच की! सरदाराचं गावाचं नाव म्हणजे मालकी आणि कुळवाड्याचं म्हणजे पत्ता. पण शेवटी काय झालं, की दोघांची नावं एकसारखी उरली आणि नावावरून मालक कोण अन् पळालेला कोण, हे ओळखायची सोय गेली. मला ती सोय गेलेली आवडते. आपल्याकडे ‘कर’ने तेच काम केलं असतं. आपण ‘मूळ आडनाव’ विचारून विचारून ते होऊ देत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘बाहेरचे’. मेसमध्ये भाजीवरून भांडण झालं किंवा सीआरची निवडणूक आली, की आपल्याकडे लगेच लोकल आणि बाहेरचे असे दोन गट पडतात. विदर्भातले बाहेरचे, कोकणातले बाहेरचे, बिहारमधले तर फारच बाहेरचे. आणि ही भाषा सगळ्यांत जोरात कोण बोलतं? ज्यांच्या आडनावातच दुसरं गाव आहे, तेच! अहो, तुमचे पणजोबा त्या गावातच राहिले असते तर हे आडनाव तुम्हाला कशाला लागलं असतं? ते कधीतरी वळकटी बांधून निघाले, कुठल्यातरी नव्या जागी पोचले आणि तिथल्या लोकांनी त्यांना विचारलं, कुठले तुम्ही? त्या उत्तराचं आडनाव झालं. बाहेरचा म्हणून मिळालेलं नाव लावायचं आणि दुसऱ्याला बाहेरचा म्हणून हिणवायचं, हे कुठल्या लॉजिकमध्ये बसतं? आपण तर इंजिनिअर होणार आहोत. चार वर्षांनी आपल्यातले निम्मे पुण्यात, बंगळुरात नाहीतर परदेशात असतील आणि तिथले लोक आपल्याकडे बघून हाच शब्द वापरतील.

गावाचा अभिमान धरू नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः धरते. माझ्या आडनावातलं गाव मी दोनदाच पाहिलंय, पण नकाशात ते दिसलं की बरं वाटतं. फक्त तो अभिमान निघालेल्याचा असावा, मालकाचा नको.

म्हणून या मासिकातून एकच साधी सूचना करते, विद्यार्थ्यांना आणि रेक्टर सर-मॅडमनाही. येत्या जुलै-ऑगस्टमध्ये नवी बॅच येईल. बोचकी, बादल्या आणि रडवेले चेहरे घेऊन. इंट्रो घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी विचारा. नाव काय, ब्रँच कुठली, आणि कुठून आलीस. ‘मूळ आडनाव’ हा चौथा प्रश्न कुणी विचारला तर तिथल्या सीनिअरने त्याला तिथेच थांबवावं. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की पुढे बोला. गावात काय पिकतं, एसटी किती वाजता सुटते, घरची आठवण येते का? रडणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी त्यातलं काहीतरी विचारलेलं खूप पुरतं.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह